शेतात सोनं, कुंडीत चिखल

यंदाच्या पत्रांच्या गठ्ठ्यातलं हे एक. थोडं काटछाट करून देतोय.

"दादा, नमस्कार. आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, बोळाच्या आतल्या अंगाला. दोन मजली, वर गच्ची. जुन्या घराला मागं परस होतं, त्यात पेरू होता. चार वर्षांपूर्वी घर पाडून नवं बांधलं आणि सगळीकडं फरशी आली. आता खुरपं टेकवायला वीतभर माती नाही. मागच्या वर्षी मृगाच्या तोंडावर हौसेनं 14 कुंड्या आणल्या. कागलजवळ माझ्या भावाचं रान आहे, एकरी 60 टन ऊस काढतो. त्याच्या रानातली काळी माती पोत्यांनी आणून भरली. तळाला विटांचे तुकडे टाकले, फरशी खराब होऊ नये म्हणून खाली बशा ठेवल्या, रोज सकाळी प्रत्येक कुंडीला तांब्याभर पाणी, एक दिवस चुकवला नाही. वांगी, मिरची, टोमॅटो, गुलाब, कोथिंबीर सगळं लावलं. गणपती येईपर्यंत 14 पैकी 11 कुंड्या गेल्या. सासूबाई म्हणतात, झाडाला हात लागावा लागतो, तुझा हात उष्ण. मिस्टर म्हणतात, कोथिंबिरीची पेंडी बाजारात मिळते की. आता मे संपत आलाय. तीन पोती माती गच्चीवर तशीच पडून आहे. परत सुरुवात करू, का नाद सोडू?"

ताई,

नाद सोडू नका. आणि आधी त्या उष्ण हाताचं बघू. हाताला काही झालेलं नाही तुमच्या. तुमच्या पत्रात गुन्हेगार तीन आहेत आणि तिघांनाही तुम्ही मोठ्या प्रेमानं घरी आणलंय: ती काळी माती, त्या बशा आणि तो रोजचा तांब्या. विटांचे तुकडे हे त्यांचे साथीदार.

भावाची माती सोन्यासारखी आहे, वाद नाही. पण रानात त्या मातीच्या खाली आणखी माती असते. दोन हात, चार हात. पडलेलं पाणी खाली ओढलं जातं, उसाची मुळं त्याच्या मागं जातात, गांडुळं वाटा पाडतात, उन्हाळ्यात रान उललं की भेगांतून हवा आत जाते. हीच माती उचलून तुम्ही वीत-दीड वीत खोलीच्या भांड्यात कोंडलीत. काळ्या मातीचा कण इतका बारीक की पाणी प्यायला की फुगतो आणि शेजारच्याला चिकटून बसतो. मधे हवेला जागा राहत नाही. झाडाच्या मुळांना पाणी लागतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, श्वासही लागतो हे कोणी सांगत नाही. मेलेलं रोप उपटलंत तेव्हा मुळं काळपट झाली होती का? चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल निसटून आत दोऱ्यासारखी शीर उरत होती का? आणि कुबट वास? तसं असेल तर रोप बुडून मेलं. वरून ते तहानलेलंच दिसतं, माना टाकतं. मग आपण घाबरून आणखी एक तांब्या ओततो.

आता विटा. ही चूक तुमची एकटीची नाही, माझ्या आईनंही आयुष्यभर तेच केलं, आणि नर्सरीवाले आजही तेच सांगतात: तळाला खापऱ्या टाका म्हणजे पाणी निचरतं. ते खरं नाही, आणि हे तुम्हाला स्वयंपाकघरातच बघता येईल. भांडी घासायचा नवा चौकोनी स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा, तळहातावर ठेवल्यासारखा, मोरीवर धरा. ठिबकेल, ठिबकेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. परत धार लागते. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीचं हेच आहे. कुठल्याही मातीच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, तो आपल्या वजनानं खाली पडत नाही. भुसभुशीत मिश्रणात हा थर बोटभर असतो, तुमच्या काळ्या मातीत जवळजवळ कुंडीभर. आणि बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडबडीत पोकळीत सहजी उतरत नाही. वरची माती गच्च भरेपर्यंत ते तिथंच थांबतं. म्हणजे विटा टाकून तुम्ही तळाची दलदल दोन इंच वर, मुळांच्या आणखी जवळ आणून ठेवलीत. भोकावर एकच खापरी पालथी ठेवा, किंवा मच्छरदाणीचा तुकडा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरतं. बाकी कुंडी तळापासून मिश्रणानं भरा. आणि पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी घ्या, स्पंज आठवून.

बशांबद्दल फार बोलत नाही. पावसाळ्यात खाली बशी म्हणजे कुंडीला बूच. शिवाय साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, महापालिकेची माणसं दारोदार येऊन भांडी उपडी करायला लावतात ते उगाच नाही. बशा काढा, प्रत्येक कुंडीखाली विटेचे तीन तुकडे ठेवा. विटा आवडतातच तर त्यांची जागा ही. कुंडी फरशीवर सपाट बसली की तळाचं भोक फरशीनंच बंद होतं, त्यात नवीन कुंड्यांना बऱ्याचदा भोक एकच आणि तेही अर्धवट पाडलेलं. लोखंडी सळई तापवून अंगठ्याएवढी चार-पाच भोकं पाडून घ्या.

राहिला तांब्या. जुलैतला कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. गगनबावड्यासारखा कोसळत नाही, पण झिमझिम आठ-आठ दिवस उघडत नाही, ऊन नाही, कपडे वाळत नाहीत. कपडे वाळत नाहीत तेव्हा कुंडीही वाळत नाही, हे साधं गणित. आणि त्या दिवसांत तुम्ही रोज सकाळी एक तांब्या! पाणी घड्याळ बघून घालायचं नसतं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओलं लागलं तर आज नाही. कोरडं लागलं तर खालून पाणी गळेपर्यंत भरपूर द्या. उलटं टोक एप्रिलात येतं: तेव्हा गच्चीवरच्या बारा इंची कुंडीला दिवसाला दीड-दोन लिटरही लागू शकतं. त्यातही एक फसवणूक असते. काळी माती वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेला फट पडते. तुम्ही पाणी घालता, ते त्या फटीतून सरळ खाली जातं, तळातून लगेच गळतं, तुम्हाला वाटतं पोट भरलं. आतला गोळा कोरडा ठणठणीत. असं झालं तर कुंडी उचलून बादलीभर पाण्यात वीस मिनिटं बसवून ठेवा.

मग भरायचं काय?

एक घमेलं माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक घमेलं हलकं काहीतरी, ज्यामुळं पोकळी राहील. मातीच्या घमेल्यात भावाची काळी निम्मी आणि पन्हाळा-जोतिबाच्या बाजूची तांबडी निम्मी चालेल. पण काळीची ढेकळं फोडून चाळून घ्या. शेणखतासाठी कोल्हापुरात पायपीट करावी लागू नये. ज्या शहरात म्हैस डोळ्यांदेखत पिळून धारोष्ण दूध प्यायला देतात, तिथं गवळ्याच्या ओळखीला काय तोटा. फक्त ताजं शेण आणू नका, ते कुंडीत तापतं आणि मुळं भाजतात. सहा महिने पडलेलं, काळंभोर, वास मेलेलं, हातात घेतल्यावर चहापत्तीसारखं मोकळं होणारं मागा.

हलक्या मालात लोक डोळे झाकून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घेतात. वाईट नाही. पाच किलोची वीट भिजली की सत्तर लिटरच्या आसपास फुगते. दोनदा धुवून घ्यावं लागतं, त्यात खार असतो. पण आपल्याकडं याहून स्वस्त दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे भाताचं तूस. राधानगरी, आजरा, चंदगड या भातपट्ट्यातल्या कुठल्याही गिरणीवर ढीग असतो. लवकर कुजत नाही, वजन नाही, पाणी अडवत नाही. दुसरी म्हणजे उसाची चिपाडं. इथं मात्र थांबा. रसवंतीवरून ओली चिपाडं आणून थेट कुंडीत टाकणारे मी पाहिलेत, महिनाभरात रोप पिवळंधमक. चिपाडं कुजवणारे जिवाणू आधी स्वतःचं पोट भरतात आणि त्यासाठी मातीतलं नत्र ओढून घेतात, झाडाला उरत नाही. चिपाडं बारीक करून, शेणकाला शिंपडून तीन-चार महिने कुजवा, मग वापरा. उसाचं वाळलेलं पाचट मात्र आत्तासुद्धा वरून अंथरायला चालतं. उन्हाळ्यात दोन बोटं जाड थर टाकला की पाणी बरंच कमी लागतं. भावाला सांगा, यंदा माती नको, पाचट पाठव. रानात पेटवण्यापेक्षा बरं.

मिश्रण जमलं का हे बघायला एक परीक्षा आहे. ओलसर मूठ दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहायला हवा आणि अंगठ्यानं टोचला की फुटायला हवा. तुमची गेल्या वर्षीची माती दाबली तर नुसता गोळा नाही, शिंगं काढली असती तर बेंदराचा बैल उभा राहिला असता. ज्या मातीचा बैल उभा राहतो ती कुंभाराला द्यावी, कुंडीला नको.

आता मी एक माझी गोष्ट सांगतो, कारण तुम्ही गच्चीवर पुढं काय करणार ते मला दिसतंय. पंधराएक वर्षांपूर्वी मी 200 लिटरचं निळं पिंप मधोमध कापून दोन टब केले. दोन्हीत काठोकाठ माती, एकात लिंबू, एकात सोनचाफा. गच्चीच्या अगदी मध्यावर ठेवले, चारी बाजूंनी फिरता यावं म्हणून. तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या खोलीत, धाकट्या भावाच्या पलंगावर, रात्री दीडला छताच्या गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा पडला. कोणाला लागलं नाही, पण वहिनी पुढं दोन महिने माझ्याशी जेमतेम बोलत होती. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या इंजिनिअरला आणलं. त्यानं टबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "हे काय ठेवलंय माहीत आहे का?"

हिशेब असा. माणसांनी वर जायच्या गच्चीसाठी आपल्याकडच्या बांधकामाच्या मानकात चौरस मीटरला साधारण 150 किलोचा वापराचा भार धरतात. ओल्या काळ्या मातीचं वजन लिटरला पावणेदोन-दोन किलो. म्हणजे माझ्या एका 100 लिटरच्या टबात जवळजवळ 180 किलो, आणि तेही पाव चौरस मीटर जागेवर, स्लॅबच्या सर्वांत लवचीक जागी. बारा इंची कुंडीत 16-17 लिटर मावतं. काळी माती भरलीत तर ओली कुंडी तीस किलोची, तुसाच्या हलक्या मिश्रणाची सतरा-अठरा किलोची. ही दुसरी कुंडी चौरस मीटरमध्ये चार-पाच ठेवलीत तर काळजी नाही. त्याही भिंतीच्या आणि बीमच्या रेषेवर, कडेनं. मधली जागा पापडासाठी आणि गप्पा मारायला मोकळी ठेवा. कुंड्या विटांवर असल्या की खालून वारा खेळतो, ओल दिसते, कोबा कुठं उललाय तेही कळतं. गच्चीला आधीपासून गळती असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, मग मिरची. आणि हे वाचणारा कोणी पेठेतल्या जुन्या माडीवर राहत असेल, लाकडी तुळयांवर मातीचं धाबं असेल, तर वर एकही कुंडी चढवू नका. अंगणातल्या फरशीवर, उंबऱ्याशी, खिडकीच्या गजाला जे होईल ते करा.

भांडी विकत घ्यायची गरज नाही. रंगाचे 20 लिटरचे डबे सगळ्यात चांगले: उंच, हलके, कडी असलेले. रंगाचा पापुद्रा खरवडून काढा आणि दोनदा धुवा. बाजारातले भाजीचे फुटके क्रेट आतून पोत्याचा तुकडा लावून मेथी-पालकाला छान. तांदळाची 25 किलोची पिशवी हळदीला. तेलाचा पत्र्याचा डबा मात्र, तुळस लावायची आपली जुनी सवय असली तरी, एप्रिलात ऊन खाऊन तव्यासारखा तापतो. तो आतून पुठ्ठ्यानं किंवा गोणपाटानं लपेटा नाहीतर सावलीत ठेवा. मातीची कुंडी दिसायला देखणी, मुळांना गार, पण अंगातून पाणी सोडते, तिला उन्हाळ्यात दुपटीनं बघावं लागतं. कुंभाराकडून घ्यायची तर आत्ताच घ्या. एकदा गणपतीचं काम अंगावर आलं की कुंभार गल्लीत तुमच्याकडं मान वर करून कोणी बघणार नाही.

उन्हाचं तुम्ही पत्रात काहीच लिहिलं नाही, आणि माझ्या मते मातीनंतर तोच मोठा प्रश्न आहे. आपल्याच जिल्ह्यात, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे श्री. अ. दाभोळकर होऊन गेले. शेतकऱ्यांनी स्वतः प्रयोग करायचे आणि एकमेकांना शिकवायचं, असा प्रयोग परिवार त्यांनी उभा केला. शेतीचा हिशेब ते एकरांपेक्षा पानांवर पडणाऱ्या उन्हात मांडायचे. मला त्यांची ही गोष्ट कुंडीवाल्यांनी रोज घोकावी अशी वाटते, कारण आपल्याकडं जमीन नाहीच, आहे ते ऊनच. तर एका सुट्टीच्या दिवशी खडू घेऊन गच्चीवर जा. आठ, दहा, बारा, दोन, चार वाजता सावलीची कड फरशीवर ओढा आणि वेळ लिहा. ज्या जागेला सहा तास ऊन ती वांगी, टोमॅटो, मिरची, मोगरा यांची. तीन-चार तास ऊन ती पालेभाज्यांची, पुदिन्याची. त्याहून कमी असेल तिथं अळू, फार तर विड्याचं पान.

पण आत्ताच्या रेघांवर विसंबू नका. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य कोल्हापुरात बरोब्बर डोक्यावर आला होता, साडेबाराच्या सुमारास काही मिनिटं सावलीच नाही असा तो दिवस. तेव्हापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. पुढं तो दक्षिणेला सरकत जातो, आणि डिसेंबरात भर दुपारीही जेमतेम पन्नास अंशांवर असतो. तुमच्या दक्षिणेला शेजाऱ्यांची तीन मजली भिंत असेल, तर आत्ता सहा तास न्हाणारा कोपरा संक्रांतीला दिवसभर गारठलेला मिळेल. म्हणून खडू परत दसऱ्याला घ्या. कुंडीला पाय नाहीत, पण रंगाच्या डब्याला कडी आहे.

लावायचं कधी? मृग आला की आपल्या हाताला खाज सुटते. शेतकऱ्याच्या घरातल्या तुम्ही, तुम्हाला जास्तच. पण कुंडीचा हंगाम रानासारखा मृगापासून धरू नका. पहिल्या वर्षी तरी जून ते ऑगस्ट हे तयारीचे महिने समजा. माती मिसळून ठेवा, ओल्या कचऱ्याचं खत घालायला सुरुवात करा: भोकं पाडलेला एक डबा, भाजीच्या देठांच्या प्रत्येक थरावर दुप्पट वाळका पाला, झाकण. पांढऱ्या-तांबड्या रश्शातली हाडं त्यात टाकू नका, बोळातली मांजरं आणि घुशी दोघं आमंत्रण समजतील. पावसात लावायचंच तर हळद लावा आणि गच्चीच्या कठड्याला दोरीवर एक दोडका चढवा, पश्चिमेचा वारा लागणार नाही अशा बाजूला. वांगी-मिरचीची रोपं नारळी पौर्णिमेच्या सुमारास छपराखाली टाका, म्हणजे गणपती गेल्यावर, पाऊस ओसरल्यावर, ती मोठ्या डब्यात हलवता येतील.

खरी मजा तेव्हापासून शिमग्यापर्यंत. मेथी तर डब्यातली, फोडणीची, तीच पेरा: तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याच्या आत ताटात. कबुतरं कोवळे कोंब टिपतात, पहिले आठ दिवस जुनी ओढणी ताणून बांधा. कोथिंबिरीचे धणे चपलेनं हलके रगडून दोन फाकं करा, एका रात्री भिजवा आणि पेरून दहा-बारा दिवस विसरून जा. चौथ्या दिवशी माती उकरून बघणारे तुमच्यासारखेच (लिहिलं नाहीत, पण बघितलं असणार). टोमॅटोला एका डब्यात एकच रोप. दोन लावलीत की दोन्ही उपाशी. फळाच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग आला तर औषध शोधत बसू नका, पाणी एक दिवस महापूर, तीन दिवस दुष्काळ असं देताय म्हणून फळापर्यंत चुना पोचत नाही. मिरचीची पानं वर वळून बोकडली तर ती फुलकिड्यांची करामत, खाली वळली तर कोळी किडीची. निंबोळी अर्क आठवड्यानं एकदा, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं. गुलाब मात्र यंदा नको. गुलाब म्हणजे पहिल्याच वर्गात दहावीचा पेपर.

खताचं एवढंच. रानात मुळं अन्न शोधत लांब जातात, डब्यात जे आहे ते आहे, आणि प्रत्येक पाण्याबरोबर थोडं वाहून जातं. म्हणून थोडं थोडं, पण सतत. पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत. फुलं लागायच्या सुमाराला शेंगदाण्याची पेंड: शंभर ग्रॅम, लिटरभर पाण्यात तीन दिवस भिजवून, मग दसपट पाणी घालून. वासाची कल्पना आधी शेजाऱ्यांना द्या, नाहीतर बोळात तुमचंच घोडं पेंड खाईल. जीवामृत करायचं तर दहा लिटर पाण्याला अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम बेसन, चिमूटभर बांधावरची माती आणि शंभर ग्रॅम गूळ. दोन-तीन दिवस सावलीत रोज दोनदा ढवळा, दसपट पाणी घालून वापरा. गूळ कुठं मिळतो हे कोल्हापूरकराला सांगितलं तर मला हसतील.

मिस्टरांचं म्हणणं बरोबर आहे, ते मी खोडणार नाही. कोथिंबिरीची पेंडी बाजारातच स्वस्त पडते. पैसे वाचवायला हे करत असाल तर खरंच करू नका. पण रात्री नऊला पोह्याची फोडणी टाकल्यावर कढीपत्ता आणायला जिना चढून वर जायचं, दोन टाळे खुडायचे, आणि खाली येईपर्यंत मोहरी तडतडत असायची, हे बाजारात मिळत नाही. सुरुवात 14 कुंड्यांनी करू नका, पाचांनी करा. कढीपत्ता, दोन मिरच्या, एक क्रेट मेथी, एक पुदिना.

आणि गच्चीवरची ती तीन पोती. त्यातली एक-दीड पोती मिश्रणाच्या वाटणीत जाईल. उरलेल्या काळ्या मातीत काहीही मिसळू नका, कशाला हलकी-बिलकी करू नका. दोन जुन्या बादल्या घ्या, भोकं दोनच ठेवा, गच्चीच्या त्या कोपऱ्यात ठेवा जिथं ऊन कमी आणि पन्हाळीचं पाणी जास्त. या आठवड्यात अळूचे चार कंद आणा, वडीचे, काळ्या देठाचे बघून, आणि मधोमध लावा. अळूला चिकण ओली माती, बुडाशी तुंबलेलं पाणी, झिमझिम, सगळं मानवतं. गेल्या वर्षी बाकीच्यांना ज्यानं मारलं त्यावरच ते पोसतं. श्रावणात ताटाएवढी पानं येतील. ती तुम्ही कापू नका. सासूबाईंना वर घेऊन जा, जिन्यात हात द्या, आणि पानं त्यांनाच निवडू द्या. वडीला कुठलं पान लागतं ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.